हसली की घास

आमच्या घरात वर्षभर एकच विनोद चालला. दिवसातून तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी निदान सहादा.

विनोद म्हणजे घडलेली गोष्टच. वडील मोहने गावातल्या कारखान्यात होते. खात्यातला एक माणूस वारला म्हणून एकदा अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते मयताला गेले आणि गल्ली चुकले. दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात जाऊन उभे राहिले, खांदा दिला, चालत स्मशानापर्यंत गेले. तिथे शेजारच्याला हळूच विचारलं, "कोण गेलं हो?" तेव्हा कळलं. तरी शेवटपर्यंत थांबले. घरी येऊन आंघोळ केली, आणि आईने विचारल्यावर डोकं पुसत म्हणाले, "कोण होता माहीत नाही, पण माणूस चांगला होता."

आई चार वर्षांपासून विसरत चालली होती. शेवटी शेवटी खायचंही विसरली. चमचा ओठांशी नेला की तोंड घट्ट मिटायची. मला ती दवाखान्यातली नर्स समजायची. म्हणायची, "अहो बाई, जेवलेय मी. दुसऱ्या पेशंटला द्या." एकदा हातात पेजेची वाटी असताना मी फोनवर बहिणीला वडिलांची ही गोष्ट सांगत होते. "माणूस चांगला होता" ऐकून आई तोंड उघडून हसली. चमचा हातात होताच, तो आत गेला.

तेव्हापासून तीच पद्धत. भर हसण्यात घास द्यायचा नाही, ठसका लागतो. हसू ओसरत आलं, तोंड अजून उघडं आहे, तेवढ्यात द्यायचा. गिळून होईपर्यंत ती सगळं विसरलेली असायची, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी इथे डोंबिवलीतच, मानपाड्याला एका रंगाच्या कंपनीत, प्रयोगशाळेत काम करते. एखादी पद्धत चालते म्हटल्यावर ती का चालते हे मी विचारत बसत नाही. दिवसा सांभाळायला येणाऱ्या बाईंनाही मी गोष्ट पाठ करून दिली. त्या माझ्यापेक्षा बरी सांगायच्या.

मग एका संध्याकाळी मी नेहमीसारखी "कोण गेलं हो?" पर्यंत आले आणि आईचा चेहरा बदलला. तिने माझं मनगट धरलं. "कोण गेलं? हे गेले का?" वडील जाऊन नऊ वर्षं झाली. ती रडायला लागली, वीस मिनिटं रडली आणि विसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. बाईंनी सांगितलं तरी तेच. आमचा विनोद संपला होता. आता तो सांगितला की आई दर वेळी नव्याने विधवा होत होती.

पंधरा दिवसांत तिचं साडेचार किलो वजन गेलं. डॉक्टर घरी येऊन पाहून गेले. म्हणाले, "पुढच्या बुधवारपर्यंत तोंडाने जातंय का बघा. नाहीतर नाकातून नळी घालू." नळी मी शेजारच्या इमारतीत पाहिली होती. म्हातारी माणसं ती उपटून काढतात, म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधतात. आईचे हात बांधायचे नाहीत, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. त्यासाठी नवा विनोद हवा होता.

माझी भाची नोकरी करून रविवारी ठाण्यात स्टँड-अप करते. एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर, दुपारी चार वाजता. तिथला नियम असा की बोलणाऱ्याने येताना दोन ऐकणारे आणायचे, नाहीतर माइक मिळत नाही. भाचीच्या मैत्रिणी येऊन येऊन कंटाळल्या होत्या, त्यामुळे मी येते म्हटल्यावर ती खूश झाली. मी पहिल्या रांगेत बसले आणि पर्समधून वही-पेन काढलं.

आठ-दहा जण बोलले. सगळ्यांचं सूत्र एकच, कशालाच काही अर्थ नाही. नोकरीला नाही, लग्नाला नाही, जिम लावण्याला नाही. भाची म्हणाली, तिने आपल्या जगण्याचं ध्येय काय ते फोनला विचारलं, तर तो म्हणाला, आधी जागा मोकळी करा. एकीने देव आपले मेसेज वाचतो पण उत्तर देत नाही, यावर पाच मिनिटं काढली. मी लिहून घेत होते आणि पुढे फुली मारत होते. आईला मेसेज म्हणजे काय ते कुठे माहीत.

मग चाळिशीचा एक गृहस्थ आला, डोंबिवलीचाच. म्हणाला, "आमच्याकडे पाणी साडेपाचला येतं. मी उठतो, टाकी भरतो. रात्री टाकी रिकामी. बायकोला म्हटलं, आपण ही रोज का भरतो? म्हणाली, रिकामी होते म्हणून. म्हटलं, रिकामी का होते? म्हणाली, तुम्ही भरता म्हणून." लोक हसले. मी बरोबरची खूण केली.

ती त्याला दिसली. "काकू, काय लिहिताय? परीक्षा आहे का?"

मी खरं ते सांगितलं. "माझी आई जेवत नाही. हसली की तोंड उघडते. तुमचं टाकीचं चालेल का बघतेय."

सगळे जोरात हसले.

"मी विनोद करत नाहीये," मी म्हटलं. त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा तो. "पंधरा दिवसांत साडेचार किलो गेलंय. बुधवारी नळी घालणार आहेत." मागचे दोघं-तिघं गप्प झाले, पुढचे अजून हसत होते. मग तेही थांबले. त्या गृहस्थाने माइक तोंडापासून खाली घेतला. शेवटी म्हणाला, "घ्या काकू. टाकीचं तुम्ही घ्या."

खाली चहा पिताना भाची चिडली होती. "मावशी, माझ्यानंतर तू सगळ्या रूमचा मूडच मारून टाकलास गं."

"मला विचारलं म्हणून मी सांगितलं. तुम्ही सगळे अर्थ नाही, अर्थ नाही करता. मग हसता कशाला?"

"अगं, अर्थ नसतो तेच तर फनी आहे."

"ते मला घरबसल्या माहीत आहे. त्यासाठी ठाण्याला यायची गरज नव्हती."

मग ती बिस्किटाचा पुडा माझ्याकडे सरकवत म्हणाली, "आजीला नकला आवडायच्या ना? नक्कल करून बघ." ती चांगली मुलगी आहे. त्यांचं म्हणणंही मला चूक वाटलं नाही. माझी अडचण एवढीच की अर्थ असो वा नसो, दुपारी एक वाजतो आणि पेज गार होते.

रविवारी संध्याकाळी टाकी करून पाहिली. आई म्हणाली, "अहो बाई, नळ बंद करा आधी," आणि तोंड मिटलं. सोमवारी रजा टाकून मी डॉक्टरांची नक्कल केली, बाईंची केली, स्वतःची केली. मी खोटं हसून पाहिलं. तिला कळलं. माझ्याकडे तिने अशा दयेने पाहिलं की मी वाटी खाली ठेवली. मंगळवारी सकाळपर्यंत वहीतलं सगळं संपलं होतं.

मंगळवारी दुपारी मी काही न बोलता चमचा लावला. तिने हाताने वाटी उडवली. पेज माझ्या केसांत, चष्म्यावर, ब्लाउजच्या आत. मी जमिनीवर बसले आणि मला हसू फुटलं. ते हसू काही चांगलं नव्हतं, थांबतच नव्हतं. पोटात दुखायला लागलं, नाक वाहायला लागलं. आई वाकून बघत होती. मग तीही हसली. तोंड पूर्ण उघडं, आतली जीभ दिसत होती, आणि वाटी रिकामी.

मी उठून धावले. पातेल्यात पेज होती, वाटीत ओतताना निम्मी ओट्यावर सांडली. परत आले तेव्हा ती खिडकीकडे बघत होती. तोंड मिटलेलं. मी पुन्हा हसायचा प्रयत्न केला. घशातून नुसता आवाज आला.

बुधवारी सकाळी दहाला डॉक्टर आणि सिस्टर आले. कागदावर सही मी केली. सिस्टर म्हणाल्या, "ताई, हात धरा." मी आईचे दोन्ही हात धरले. एवढं वजन गेलं होतं, तरी जोर बराच होता.