छातीत हे होतंय

जन्मभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि 'समथिंग' या शब्दाशी उभं वैर धरलं. एका पोरानं निबंधात लिहिलं होतं, आईनं वरणात समथिंग टाकलं आणि वरण फार चवदार झालं. मी लाल पेनानं गोल करून विचारलं, काय टाकलं? हिंग की आमसूल? 'थिंग', 'स्टफ' बोलण्यात चालतील, कागदावर नाही, असा माझा खाक्या. शहागंजातला दुकानदार मला पाहिलं की न विचारताच लाल रिफिल काढायचा.

आणि देवानं बायको दिली ती लासूर स्टेशन गावची. तिचा सगळा संसार 'हे'वर चालतो. "अहो, ते हे ह्याच्यात ठेवा." मला कळायचं, तरी मी मुद्दाम विचारायचो, काय आणि कशात?

गेल्या उन्हाळ्यात ती म्हणाली, "छातीत हे होतंय."

"दुखतंय?"

"दुखत नाय. हे होतंय."

"जळजळ? धडधड?"

"नाय हो. हे."

लेकीनं पुण्याहून फोन करून इथल्याच हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आधी त्यांना मोबाईलवर इंग्रजीत सगळं लिहून पाठवा, म्हणाली. मी लिहिलं, बायकोला छातीत समथिंग होतंय. वाचून माझीच मला लाज वाटली. ते खोडलं आणि छातीत तीव्र वेदना असल्याचं खणखणीत इंग्रजी वाक्य पाठवून दिलं. लगेच उत्तर आलं, ताबडतोब घेऊन या. रिक्षात तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाही.

ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. सगळं ठीक. पण तीव्र वेदना आहेत म्हटल्यावर अँजिओग्राफी करावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. सहीचा कागद माझ्यापुढं आला. मग त्यांनी तिलाच विचारलं, "मावशी, काय होतं?"

"हे होतं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "बरं. हे कधी होतं?"

"डावा हात वर केला की. गव्हाची कोठी एकटीनं सरकवली, तवापासून."

त्यांनी बरगडीपाशी बोट दाबलं. "हेच का?"

"व्हय, हेच."

स्नायू लचकला होता. मलम लावा, आराम करा, एवढंच.

मी नुसतं नाव विचारत बसलो होतो. कधी होतं, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. जीव भांड्यात पडला आणि तिथंच खुर्चीत बसून मी रडलो.

औषधाच्या कागदावर डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं होतं, छातीत 'सम डिसकम्फर्ट'. म्हणजे नेमकं काय, असं एरवी मी समासात विचारलं असतं. लाल पेन खिशात होता, तो खिशातच राहिला.

बाहेर रसवंतीपाशी ती थांबली. "अहो, जरा हे घेऊ."

मी काही न विचारता दोन ग्लास सांगितले.