पत्राशिवाय झगा नाही

आमच्या मंडळीनं मला चर्चची वॉर्डन, म्हणजे कारभारीण, केलं ते काही माझा भक्तिभाव बघून नव्हे. कोल्हापुरातच जन्मलेली, इथल्याच शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली आणि समोरचा माणूस काय लपवतोय हे त्याच्या उभं राहण्यावरून ओळखणारी बाई त्यांना हवी होती. मंडळी म्हणजे इंग्रजीतून उपासना करणारे परगावचे आणि परदेशातले अँग्लिकन पंथाचे ख्रिस्ती लोक. विद्यापीठात शिकायला आलेले आफ्रिकेतले विद्यार्थी, उचगावला खोल्या घेऊन राहणाऱ्या केरळच्या नर्स, हातकणंगल्याच्या बाजूला कारखान्यांत काम करणारे तमिळ फोरमन आणि मुरगूडला एकच कुटुंब. एवढ्या पसाऱ्याला एक पाद्री आणि त्यांची एक मोटारसायकल. कमिटीवर निवडून आलेला माणूस दोन वर्षांत बदली होऊन जातो, नाहीतर पदवी घेऊन मायदेशी परततो. मागं राहते मी. त्यामुळं किल्ल्या माझ्याकडं, शिक्का माझ्याकडं, आणि कोण खरा कोण खोटा हे ठरवायचं कामही हळूहळू माझ्याकडंच आलं.

ते मी हौसेनं घेतलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी आमची पाद्र्याची जागा रिकामी असताना एक गृहस्थ आला. गळ्याला पांढरी पट्टी, आवाज असा की मागच्या बाकावरची पोरं पण गप्प बसावीत. चार महिने त्यानं उपासना घेतली, दोन लग्नं लावली. मग बिशपांच्या कचेरीतून कळलं की तो कधी पाद्री झालेलाच नाही. औषधांच्या एका कंपनीसाठी गावोगाव फिरायचा आणि त्याला प्रवचनं द्यायची हौस होती. ती दोन्ही लग्नं आम्हाला दारं लावून पुन्हा लावावी लागली. त्यातल्या एकीला तोवर पाचवा महिना लागला होता. ती रडली नाही की भांडली नाही. तिनं मला एवढंच विचारलं, "म्हणजे इतके दिवस मी याची कोण होते?"  त्या माणसाला उपासनेचा झगा मीच इस्त्री करून दिला होता.

पुढच्या बैठकीत मी ठराव आणला. पाहुणा असो, म्हातारा असो, एका उपासनेपुरता आलेला असो, त्याच्या बिशपांचं पत्र हातात पडल्याशिवाय त्याला झगा द्यायचा नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला, आणि मी तो जरा जास्तच मनावर घेतला. नवीन चेहरा दिसला की मी आधी त्याची चौकशी करायची आणि मग बसायला सांगायची. आमच्या घरचे तर एकदा वैतागून म्हणाले, "तू वॉर्डन हाईस का फौजदार?"

गेल्या वर्षीची गोष्ट. आमचे पाद्री आईच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले होते आणि रविवारची सकाळची प्रार्थना मी वाचणार होते. साडेआठला मी दार उघडलं तर पायरीवर एक म्हातारा बसलेला. चौकड्यांचा बुशशर्ट, पायात पळायचे बूट. आपण निवृत्त पाद्री आहोत, आयुष्य आखातात गेलं, उचगावला मुलीकडं आलो आहोत, असं त्यांनी सांगितलं. आज पाद्री नाहीत तर प्रभुभोजनाची भाकरी आणि द्राक्षारस मी देऊ का, असंही विचारलं. पाद्री नाहीत हे याला कुणी सांगितलं? माझ्या मनात पाल चुकचुकली. मी पत्र मागितलं. ते म्हणाले की पत्र आणायचं सुचलं नाही, मुलीकडं येताना कोण आणतं. तो पहिलाही असाच सहज बोलायचा. मी त्यांच्या आखातातल्या चर्चचं नाव आणि मुलीचा पत्ता लिहून घेतला आणि त्यांना मागच्या बाकावर बसवलं. सगळी गीतं त्यांनी पुस्तक न उघडता म्हटली. माझा संशय त्यानं वाढला, कारण पहिल्यालाही सगळं तोंडपाठ होतं.

उपासनेनंतर ते युगांडाच्या जोडप्याशी बराच वेळ बोलत उभे होते. नवरा विद्यापीठात उसावर संशोधन करत होता आणि बायको सात महिन्यांची गरोदर होती. मूल झालं की बाप्तिस्म्याला त्याला हातात घेणारी धर्ममाता तुम्हीच व्हायचं, असं तिनं मला महिनाभरापूर्वी सांगितलं होतं. मला मूलबाळ नाही. त्या दिवशी घरी येऊन मी कुणाला न सांगता खूप रडले होते, आनंदानं. त्यामुळं म्हातारा तिच्याशी काय बोलतोय हे बघायला मी उगाचच फुलदाण्या हलवत त्यांच्या आसपास राहिले. त्यांनी नवऱ्याला एका कागदावर फोन नंबर लिहून दिला. इथं कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं.

शुक्रवारी सकाळी दहाला त्या नवऱ्याचा फोन आला. पहाटे बाळंतपण झालं होतं, मुलगी होती, दिवस भरायच्या आत झालेली, म्हणून काचेच्या पेटीत ठेवली होती. डॉक्टर काही खात्री देत नव्हते. बायको एकच मागत होती, बाळाचा बाप्तिस्मा व्हावा. पाद्री नागपुरात आहेत हे त्याला माहीत होतं. त्यानं विचारलं, रविवारी भेटलेल्या त्या म्हाताऱ्या पाद्रीसाहेबांना बोलावू का?

मी म्हणाले, नको. तो माणूस कोण आहे ते मी आधी बघते, तोवर त्याला फोनही करू नका. खोट्या हातून बाप्तिस्मा झाला तर जन्मभर निस्तरत बसाल. तो म्हणाला, बरं मॅडम, पण तुम्ही या. मी म्हणाले, येते, पण पाद्री घेऊनच येते.

मग मी फोन घेऊन बसले. आमच्या पाद्रींचा फोन बंद, आई ऑपरेशनला गेलेली असणार. बिशपांच्या कचेरीतला कारकून म्हणाला, साहेब दौऱ्यावर आहेत, जेवणानंतर बघतो. आखातातल्या चर्चच्या नंबरावर नुसतीच घंटा वाजत राहिली, शुक्रवारी तिकडं सुट्टी, सगळे उपासनेत असणार. मी मेल टाकला. तरी जिवाला चैन पडेना, म्हणून रिक्षा करून उचगावला त्या म्हाताऱ्याच्याच दारात जाऊन उभी राहिले.

ते ओट्यावर लसूण सोलत बसले होते. बाळाचं मी मुद्दाम सांगितलं नाही. कशासाठी विचारतेय हे कळलं तर माणूस उत्तरं बेतून देतो, हा माझा शाळेतला अनुभव. कुठल्या बिशपांनी दीक्षा दिली, कुठं, कोणकोणत्या चर्चमध्ये होता, सोबत कोण होतं, सगळं विचारलं आणि लिहून घेतलं. त्यांनी न चिडता सगळं सांगितलं, पाद्री नाहीत हे शेजारच्या नर्सकडून कळलं हेसुद्धा. मध्येच एकदा त्यांनी विचारलं, कुणी आजारी आहे का? मी म्हणाले, ते नंतर बघू. तासभर मी त्यांची अशी उलटतपासणी घेतली. आज ते आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

दोन वाजता, मी अजून तिथंच असताना, नागपूरहून आमच्या पाद्रींचा फोन आला. नाव ऐकताच ते हसायला लागले. अहो, आखातातून सुट्टीला येऊन त्यांनीच आम्हाला शिकवलंय, इतक्या पोरांत मी त्यांच्या लक्षातही नसेन, म्हणाले, त्यांना झगाच काय, चर्चची किल्लीही देऊन टाका. तेव्हा कुठं मी त्या म्हाताऱ्या माणसाला पेटीतल्या बाळाबद्दल सांगितलं. ते हातातला लसूण तसाच ठेवून उठले.

आम्ही रिक्षानं निघालो. रस्ता खोदलेला, रिक्षावाला गल्लीबोळांतून फिरवून नेत होता. मग त्यांनी विचारलं, "बाई, दवाखान्यात सकाळपासून पाणी नव्हतं का?"

मला आधी कळेना. मग लख्ख आठवलं. जीव धोक्यात असेल आणि पाद्री जवळ नसेल, तर बाप्तिस्मा झालेला कुणीही माणूस पाणी घालून आणि पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं ते एक वाक्य म्हणून बाप्तिस्मा देऊ शकतो. पत्र लागत नाही, झगा लागत नाही. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. उचगावच्या नर्सना मीच ते शिकवलं होतं, पेटीतल्या बाळांच्या वॉर्डात त्यांची ड्यूटी असते म्हणून. पायरी पायरीनं लिहून कागद मीच त्यांच्या खोलीत चिकटवला होता. खोटा पाद्री पकडायच्या नादात मला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. दहाचा फोन, दवाखाना घरापासून पंधरा मिनिटांवर. सव्वादहाला तो बाप्तिस्मा मी देऊ शकले असते.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. उचगावच्या नर्सपैकी एकीची त्या वॉर्डात ड्यूटी होती. साडेअकराला बाळ निळं पडायला लागलं, तशी तिनं आईला बाळाचं नाव विचारलं आणि पेटीच्या खिडकीतून हात घालून कापसाच्या बोळ्यानं कपाळावर तीनदा पाणी सोडलं. बारा वर्षं कोल्हापुरात काढलेली ती बाई, मला बघून घाबरलीच. "बाई, काय चुकलं न्हाय न्हवं?" ती म्हणाली. "तुमीच शिकिवलंसा की." मी तिला जवळ घेतलं. काही चुकलं नाही, असं तिला सांगितलं.

पलीकडच्या खोलीत आई खाटेवर पडून होती. म्हाताऱ्या पाद्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. माझ्याकडं तिनं बघितलं आणि मान वळवली. मी फोनांबद्दल, पत्राबद्दल, त्या पहिल्या माणसाबद्दल सांगायला लागले. मध्येच मलाच ते ऐकवेना, मी थांबले.

बाळ जगलं. अडीच महिन्यांनी, अंगावर जरा मांस धरल्यावर, तिला रीतीप्रमाणं मंडळीपुढं आणलं. पाद्रीशिवाय झालेल्या अशा बाप्तिस्म्याची आमच्याकडं जाहीर चौकशी होते. घाईत, भीतीत काही राहून गेलं असेल, म्हणून पाद्री ठरलेले प्रश्न विचारतात आणि बाळाला आणणारे उत्तरं देतात. आमचे पाद्री म्हणाले, आपल्याला सगळं माहीत आहे, प्रश्न गाळूया. बाळाची आई म्हणाली, नको, विचारा.

धर्ममाता म्हणून ती नर्स बाळाला घेऊन उभी होती. मी बाजूच्या मेजाशी नोंदवही उघडून, पेन घेऊन उभी. बाप्तिस्मा कुणी दिला, या प्रश्नाला आईनं नर्सकडं हात केला. मी तिचं नाव लिहिलं. त्या वेळी कोण हजर होतं, असं पाद्रींनी विचारलं. नवरा, डॉक्टर आणि फरशी पुसणाऱ्या मावशी, असं तिनं सांगितलं. पाद्री पुढचा प्रश्न विचारणार तोच ती म्हणाली, "वॉर्डन मॅडमना आम्ही सगळ्यात आधी बोलावलं होतं. त्या आल्या नाहीत."

तिच्या आवाजात राग नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचं तिनं पुरतं उत्तर दिलं होतं, इतकंच. वहीत फक्त हजर असलेल्यांची नावं लिहायची असतात. मी तीन नावं लिहिली आणि खाली वॉर्डन म्हणून सही केली.