पात्याच्या काठावर नख

आमच्या घरात पत्रकं आधी आली, मी नंतर. बाबांच्या पत्रकांवरच मी अक्षरं ओळखायला शिकले. सतराव्या वर्षी माझं पहिलं पत्रक लिहिलं: 'पाठीवर विष वाहणं बंद करा!' कपाशीवर फवारणी करणाऱ्या मजुरांसाठी ते होतं. दिग्रसच्या बसस्टँडवर उभं राहून मीच ते वाटलं. बाबांनी त्याची एक प्रत दारामागे चिकटवली.

मग गावातल्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला आणि तो चालवायचं प्रशिक्षण वहिनीला. अर्ज मीही केला होता. पण गटाच्या बैठकांना जायला मला कधी सवड नव्हती, आणि वहिनीनं एकही चुकवली नव्हती. पाठीवरचा पंप आता खरोखर उतरणार होता, पण उतरवणारी मी नव्हते.

रोज संध्याकाळी उडवण्याचा सराव करून आली की वहिनी ओसरीवर ड्रोनची पाती पुसत बसायची. बाबा चहा घेऊन तिच्याशेजारी. माझं नवं पत्रक चार दिवस त्यांच्या खिशात होतं, त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"पातं बुडाशी इतकं तिरपं अन् टोकाले सपाट काहून वं?"

"बाबा, तुमी खळ्यावर बैलांची पात धरायचे न? मधल्या मेढीजवळचा बैल सावकाश चालते, कडेचा पळते. तसंच हे. टोक जोरात फिरते, त्याले थोडा तिरपेपणा पुरते. बुड सावकाश फिरते, त्याले जास्त लागते. तवा कुठं पातं सारखी हवा खाली लोटते अन् मशीन वर उचलते."

"वा! बैलाचं गणित!" बाबा मोठ्यानं हसले. माझ्या कुठल्या वाक्यावर ते असे शेवटचे हसले होते, ते मी आठवत बसले. आठवलं नाही.

उडवण्याआधी दोघींनी पाती तपासून कागदावर सही करायची, असा गटाचा नियम. मदतीला वहिनीनं मलाच घेतलं. तिनंच शिकवलं: औषधाचा थर वाळला की पातं जड होतं आणि मशीन थरथरतं, म्हणून ओल्या फडक्यानं पुसायचं. काठावरून नख फिरवायचं. नख अडकलं की पातं बाद. एक बदललं तर त्याच्या जोडीचंही बदलायचं, नाहीतर तोल जातो. मी मान हलवत ऐकायचे. एवढं सगळं तिला येतं, याचाच राग यायचा.

पहिल्या फवारणीला अर्धं गाव शेताच्या धुऱ्यावर जमलं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. शेजारी पंप पाठीवर वाहणाऱ्या बाया उभ्या होत्या. मी पाती तपासत गेले आणि एका पात्यावर, बुडाजवळ, नख अडकलं. केसाएवढी चीर.

उडू दे, माझ्या मनात आलं. उडू दे, आणि सगळ्यांसमोर पडू दे.

"ताई, झालं का?"

"हो, ठीक आहे." मी सही केली.

वहिनीनं मात्र सगळी पाती पुन्हा स्वतः तपासली. त्याच पात्यावर तिचं नख थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तुमाले नाई लागलं हे?"

मी हातातल्या फडक्याची घडी घालू लागले. तेवढ्यानं तिला कळलं.

"काय झालं वं?" धुऱ्यावरून बाबा ओरडले.

"पातं बदलून राह्यली, बाबा." तिनं जोडीची दोन्ही पाती काढली, नवी बसवली, स्क्रू आवळले. ड्रोन उठला. बाया टाळ्या वाजवू लागल्या. तिनं मला वाचवलं होतं, आणि तेही एक शब्द खोटा न बोलता. मला तर त्याचाही हेवा वाटला.

दुसऱ्या फेरीआधी तिनं कागद आणि पेन माझ्या हातातून घेतलं आणि पंपवाल्या बायांपैकी एकीला दिलं. "काकू, या. नख कसं फिरवायचं ते दाखवते."

घरी परतताना बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "कागद पाह्यला म्या. तुयी सही होती. दोघीनं मिळून केलं, बरं वाटलं मले."

इतके दिवस मला हवं होतं ते हेच. मी "हो बाबा" म्हणाले. वहिनी चार पावलं पुढे चालत होती. तिला ऐकू गेलं असणार, पण तिनं मागे वळून पाहिलं नाही.