बहादूरचं नाव

दार वाजलं तेव्हा केसरच्या तव्यावर तांदळाची भाकरी फुगत होती. नारळी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती आणि संध्याकाळच्या भरतीला बोट निघायची होती, त्यामुळे घरात जरा जास्तच धावपळ होती. सून किशोरी विहिरीवरून पाण्याची पिंपं भरून घेत होती. मुलगा विनेश बंदरावर बर्फ चढवत होता. हरेश्वर, केसरचा नवरा, पडवीत जाळ्याचं एक भोक सांधत बसला होता. दार वाजल्याबरोबर त्याने मान वर केली आणि केसरकडे नुसतं बघितलं.

दारात रचना उभी होती, आरोग्य केंद्रातली नर्सबाई. पावसाळ्यात ती वाडीत घरोघर फिरायची. छत्री मिटत तिने नेहमीचे प्रश्न विचारले. कुणाला ताप? जुलाब, उलट्या? बाहेरगावाहून कुणी आलंय?

"न्हाय बाय, आमी सगली बरी हाव," केसर म्हणाली.

रचनाची नजर टोपलीतल्या भाकऱ्यांवर गेली. "काकू, एवढा डोंगर कुणासाठी? सोयरीक जमतेय की काय कुणाची?"

"बोटीची मानसं जेवतात गो. तूपन बस. नवऱ्याच्या घरी कोन करून घालतं तुला?"

रचना हसली. तिने मीठ-साखरेची चार पाकिटं आणि विहिरीत टाकायच्या औषधाची बाटली हातात ठेवली. "हे आजच टाका. बोटीच्या पाण्यातही थोडं घाला."

"टाकते," केसर म्हणाली आणि दार लोटलं.

घरामागच्या खोपीत, जुन्या जाळ्यांच्या ढिगावर, हंगामासाठी नुकताच नेपाळहून आलेला खलाशी बहादूर पडला होता. आदल्या दिवसापासून त्याला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होत होते. डोळे खोल गेले होते, पायांत गोळे येत होते.

केसर काही दगडाच्या काळजाची बाई नव्हे. श्रीवर्धनच्या बाजूची ती, लग्न होऊन काशीदच्या अलीकडच्या या कोळीवाड्यात आली, आणि गेली तीस-एक वर्षं डोक्यावर पाटी घेऊन किनाऱ्यावरच्या घरांतून मासळी विकत होती. तिच्या लक्षात काय काय राहायचं, ही एक गंमतच होती. कुठल्या घरातल्या सुनेला कोलंबी खाल्ली की खाज सुटते, नागावच्या कुठल्या मास्तरांना सुरमईची शेपटीकडचीच तुकडी लागते, मुंबईहून दरवर्षी येणाऱ्या कुटुंबातल्या धाकटीचं नाव इरा आणि थोरल्याचं अनीश, तिला सगळं तोंडपाठ. वर्षाने भेटलेल्या पोरालाही ती नावाने हाक मारायची आणि पोर खूश व्हायचं.

आणि हा माणूस तिसऱ्या हंगामाला तिच्या हातचं जेवत होता. वाडीच्या रीतीने तो बहादूर होता. त्याच्या आधीचा खलाशीही बहादूरच होता, शेजारच्या बोटीवरचे दोघेही. नेपाळहून आला की बहादूर, एवढंच. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, बहुधा त्यांनाही नाही. मोठा बहादूर, बारका बहादूर असं म्हटलं की काम भागायचं. तो मात्र केसरला 'आमा' म्हणायचा. त्याच्या भाषेत आईला आमा म्हणतात, हे तिने विचारून घेतलं होतं. त्याला एक मुलगी होती, तिला दोन वेण्या घालायला आवडतात, हेही तिला ठाऊक होतं.

"नर्सबाईला सांगूया का?" आदल्या संध्याकाळी केसरने नवऱ्याला विचारलं होतं.

"सांग! म्हंजे बोट बांधून ठेवतील बंदराला. पयली फेरी गेली की हंगाम गेला समज. परवासानं झायलं असल. दोन दिसांत उठंल."

केसरने मग तिला येत होतं ते सगळं केलं. पेज पाजली, रचना पाकिटं देऊन गेल्यावर मीठ-साखरेचं पाणी चमच्याने घातलं, पोटऱ्या चोळल्या. त्याची घाण झालेली घोंगडी आणि कपडे आदल्या रात्रीच विहिरीच्या दगडावर नेऊन स्वच्छ धुतले. घरातल्या माणसाचे धुवावे तसेच धुतले. वर पाऊस धो धो कोसळत होता आणि दगडावरचं पाणी काठाच्या चिरेतून परत आत झिरपत होतं. ती विहीर सगळ्या आळीची. औषधाची बाटली तिने डब्यामागे सारली, कारण त्या औषधाचा वास पाण्याला राहतो, आणि वासाच्या पाण्याचा चहा बोटीवर कुणी तोंडात धरत नाही.

बोट वेळेवर गेली. बहादूर गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला जरा उभं राहवू लागलं तसा तो घरी जायचं म्हणू लागला, आणि हरेश्वरलाही तेच हवं होतं. केसरने भाकऱ्या बांधून दिल्या, लिंबं दिली. निघताना तो वाकून तिच्या पाया पडला आणि परत उठताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. हरेश्वरने त्याला अलिबागला नेऊन पनवेलच्या एसटीत बसवलं. पुढे रेल्वे, मग सरहद्द, मग डोंगरातलं कुठलंसं गाव.

शेजारी नीराबाई राहायची. एकटी, गुडघ्यांनी बसलेली, जिभेने मात्र धडधाकट. तिला रोज दोन कळशा पाणी केसरच आणून द्यायची.

"काय गो, तुज्या खोपीत कोन कन्हत व्हतं?" तिने कळशी घेता घेता विचारलं.

"मांजर व्यायली, आते."

"बोलकी दिसते मांजर. आमा-आमा करत व्हती." नीराबाईने फुलपात्रात पाणी ओतून घेतलं आणि प्यायली. "मला येडी समजतंस काय?"

दोन दिवसांनी तिला जुलाब लागले. पहिली घाण बघूनच ती म्हणाली, "पटकी हाय ही. माज्या लहानपनी आर्धी वाडी नेली हिनं." केसरने रिक्षा बोलावली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. मुरूडचा रस्ता खड्ड्यांचा. वाटेत नीराबाईने पाणी मागितलं. केसरने बाटली पुढे केली आणि तिचा हात तिथेच थांबला. ते पाणीही त्याच विहिरीचं होतं. "दे की गो," एवढं नीराबाई म्हणाली. दवाखान्याच्या फाटकात रिक्षा वळली तेव्हा तिची मान केसरच्या हातावर कलंडली होती.

मग घरागणिक माणसं पडू लागली. किशोरीला सलाइनवर ठेवावं लागलं. ज्या फेरीसाठी केसर गप्प बसली होती ती बोट अर्ध्यातूनच परतली, बर्फ तसाच, जाळी कोरडी, आणि विनेशला चौघांनी उचलून उतरवलं. तो वाचला. किशोरीही वाचली. आळीतलं एक तान्हं गेलं.

रचना पुन्हा आली तेव्हा तिच्याबरोबर कॉलऱ्याच्या साथीसाठी आलेले मोठे डॉक्टर होते. विहिरीभोवती दोरी बांधून ती बंद केली होती. हरेश्वर काही बोलायच्या आत केसर पुढे झाली आणि तिने सगळं सांगितलं: खोप, घोंगडी, दगड, बाटली, आणि ते "न्हाय बाय".

रचनाने वही उघडली. मग म्हणाली, "त्याचं नाव?"

"बहादूर."

"काकू, पूर्ण नाव. आणि गाव, जिल्हा."

केसरने तोंड उघडलं आणि तिला कळलं की तिच्याकडे सांगायला काही नाही. हरेश्वरच्या फोनात नंबर होता, 'बहादूर २' असा. तो बंद लागत होता. बोटीच्या कागदावर दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या खलाशाचंच नाव होतं. बदलायचं राहून गेलं होतं. बरोबरचे नेपाळी यंदा रत्नागिरीकडच्या बोटींवर गेले होते, कुठल्या ते कुणाला माहीत नव्हतं.

"नाव-गाव असतं तर इथून वर कळवता आलं असतं," डॉक्टर म्हणाले. "वरून त्यांच्या देशाला. तिथलं कुणी त्याच्या घरी गेलं असतं, त्यालाही वाचवलं असतं आणि त्यांची विहीरही. आता काय सांगणार? बहादूर नावाचा माणूस, नेपाळ?"

"आनि त्याला तिकडूनच लागलं असल तर?" हरेश्वरने विचारलं.

"तर तिकडून आपल्याला कळायला हवं होतं. तसं काही आलं असतं, तर मी त्या दिवशी दारातून परत फिरले नसते. खोपीत बघितलंच असतं," रचना म्हणाली. "इकडून काही गेलं नाही, तिकडून काही आलं नाही. रोग मात्र येऊन जाऊन आहे."

वाडीत बैठक बसली. यापुढे नेपाळ्यांना वाडीत थारा नको, असं ठरू लागलं. केसर बायकांतून उठून उभी राहिली. "तेनं न्हाय मारलं कोनाला. नर्सबाईला मी न्हाय म्हटलं व्हतं. वाडीतून घालवायचं तर मला घालवा." नीराबाईच्या भाच्याने तिच्याकडे पाठ केली, ती आजही तशीच आहे.

सर्वपित्रीला कोळणी आपापल्या माणसांची पानं वाढतात, दर्यात गेलेल्यांचीही, नाव घेऊन. केसरने एक पान नीराबाईचं वाढलं, एक त्या तान्ह्याचं. तिसरं पान हातात घेऊन ती बसून राहिली. जिवंत माणसाचं पान वाढणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं. आणि तो गेलाच असला, तर वाढताना नाव काय घ्यायचं? शेवटी तिने ते पान तसंच रिकामं दुमडून ठेवलं.

त्या दुपारी रचना विहिरीत औषध टाकायला आली. केसरने पोहरा धरला, औषध कालवलं, वासाचं पाणी पहिल्यांदा स्वतः प्यायली. नवे खलाशी आले की आता ती भाकरी वाढायच्या आधी त्यांना नाव आणि गाव विचारते, आणि तिच्या डोक्यात ते पक्कं बसतं. त्या दुपारी रचना निघाली तशी केसर तिच्यामागे फाटकापर्यंत गेली.

"बाय, तुमी वर कलवता ना इकडचं तिकडचं?"

"हो काकू. का?"

"तो हाय का गेला, ते मी इचारत न्हाय. त्याचं नाव तेवढं कुठून कललं, तर मला येऊन सांग."