एक बोट वर

लोन्झो टिब्सला ट्रम्पेट वाजवताना त्याच्या आईने कधी ऐकलंच नव्हतं. ही आई, सेडेलिया गावची अर्झेलियाबाई, पक्की चर्चवाली. नाचघराची पायरी चढणार नाही म्हणाली, ती चढली नाही. तिकडे कॅन्सस सिटीत लोन्झोचा नऊ जणांचा बॅंड अकरा वर्षं लोकांचे जोडे झिजवत होता. त्यामुळे शिकागोच्या कंपनीने ग्रामोफोनची तबकडी करायला बोलावलं तेव्हा लोन्झोने मनाशी एकच धरलं: शेवटी एकट्याने वाजवायचा तुकडा आपला. तो आई घरात बसून ऐकेल.

या बॅंडात सूर लिहिलेला कागद नव्हताच. एकजण चार सूर धरायचा, बाकीचे त्यात शिरायचे, आणि लोन्झोने एक बोट वर केलं की समजायचं: अजून एक फेरी, आता शेजारच्याने उठून एकट्याने वाजवायचं. नाचघरात वीस-वीस मिनिटं चालणारी अशीच एक बिननावाची चाल तबकडीवर तीन मिनिटांत बसवायची होती. ठरलं: सगळ्यांच्या मिळून तीन फेऱ्या, मग लोन्झो, मग बंद.

ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागला. तिसरी फेरी संपली आणि अकरा वर्षांची सवय, बोट आपोआप वर गेलं.

शेजारचा रूफस गॅडी उठला. मोठ्ठा, खर्जातला सॅक्सोफोन वाजवणारा, बोलायला लाजणारा माणूस. त्याने डोळे मिटले आणि असं काही वाजवलं की ढोलकऱ्याचाही हात हलका झाला. लोन्झोने थांबवलं नाही; त्याच्या तुकड्याची वेळ गॅडीकडे गेली. गॅडीच्या खाली एक लांब सूर धरून तो शेवटपर्यंत उभा राहिला.

काचेपलीकडून कंपनीच्या माणसाने विचारलं, पुन्हा करायचं का? सूर कोरायची मेणाची कोरी चकती एकच उरलीय.

गॅडीचा चेहरा उतरला. "मास्तर, बोट दिसलं म्हणून उठलो. पुन्हा घ्या, मी हलणार नाही."

लोन्झो आपल्या बोटाकडे बघत राहिला. आई आठवली. पण गॅडी असं पुन्हा वाजवणार नाही, हेही त्याला कळत होतं.

"बोट माझंच ना? मग बस गुपचूप," तो म्हणाला. "हीच राहू दे."

ती तबकडी गावोगावच्या न्हाव्यांच्या दुकानांत वाजली. बॅंडला कामाची ददात राहिली नाही. गॅडीच्या बायकोने पुढे दर रविवारी रताळ्याचं सारण भरलेली गोड पेस्ट्री पाठवली. त्या बोटाचे उपकार माझ्या पोटावर दिसतात, असं लोन्झो म्हातारपणी सांगायचा.

पण तबकडी घेऊन तो सेडेलियाला गेला, तेव्हा तिच्यात त्याचा एकट्याचा तुकडा नव्हता. शेजारणीच्या ग्रामोफोनसमोर आई टोपी घालून, प्रार्थनेला बसल्यासारखी ताठ बसली. तबकडी संपली, सुई उचलली गेली.

"यातला तू कुठला?"

खोटं बोलणं सोपं होतं. "तो एकटा वाजवतो ना, तो गॅडी. त्याच्याखाली एक लांब सूर आहे, तो मी."

"म्हणजे त्याला पडू न देणारा."

"हो, आई."

"मग पुन्हा लाव. मी चुकीच्या माणसाला ऐकत होते."

सात वेळा लावली. शेजारीण चुलीपाशी निघून गेली, तरी.