तिसऱ्या हाकेचा माणूस

आमच्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याइतका आज्ञाधारक माणूस अख्ख्या दौंड तालुक्यात दुसरा नसेल. अट एकच, आज्ञा तीनदा झाली पाहिजे. गावाहून वडापच्या जीपने तो रोज पाटसला, जळालेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळणाऱ्या रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला जाई. तांब्याची तार हातात आली की तहानभूक गेली उडत. चाळिशी उलटली तरी त्याची आई ओरडायची, "ऊठ रं राजा", "जेव रं राजा". दोन हाका वाया जायच्या, तिसरीला स्वारी हलायची. ग्रामपंचायतीत कुणी तीनदा "बसा जरा" म्हणालं, तर शिपाई कुलूप लावायला आला तेव्हाही हा बाकावरच. लग्नात ताशा वाजला की कान दाबून थेट शेतात. लोक म्हणत, "येडं हाय." मला मात्र तो फार आवडायचा. आमच्याकडे जेवताना "वहिनी, मीठ लई झालंय" असं तोंडावर सांगून तो दुसऱ्यांदा भाजी मागून घेई.

मग आई गेली. तेराव्याला दौंडचा भाऊ म्हणाला, "ह्याला एकट्याला कसं ठेवायचं? माझ्याकडं नेतो." भावाचं घर रेल्वेलाइनला लागून, गाडी गेली की भांडी वाजत. हा नुसता "न्हाई, न्हाई" करत राहिला. शेवटी भावाने दिवाळीपर्यंत वाट बघायचं कबूल केलं.

मोबाइल तेव्हा नवे होते. याने एक जुना विकत घेतला. बोलायला नव्हे, फोनवर बोलणं त्याला शिक्षाच वाटे. गजर लावायला. फोनला मराठी येत नव्हतं, म्हणून गजराबरोबर पडद्यावर दिसायला इंग्रजी अक्षरांत आईचेच शब्द घातले. प्रत्येक गजर तीनदा.

"अरे, एकदाच लाव की," मी म्हणालो.

"एकदाच ऐकून कवा उठलोय मी, भाऊ?"

दिवाळीला दौंडचा भाऊ आला. न्यायचं बोलणं ऐन रंगात असताना तिसरा गजर झाला. हा उठला, "थांब, आई जेवाय बोलावतीया," म्हणाला आणि ताट वाढून बसला. भावाने फोन उचलून वाचला. बराच वेळ वाचला. मग स्वतःही ताट वाढून घेतलं. न्यायचा विषय पुन्हा निघाला नाही.

दिवेलागणीचा गजर मात्र एकदाच होई, कारण "आलास का?" हे आई एकदाच विचारायची. कधी तो वडापमध्येच वाजे आणि हा गर्दीत मोठ्याने सांगे, "न्हाई अजून, वाटंत हाय!" लोक हसत. पण बहुतेकदा तो घरात असे. भिंतीपलीकडून "आलो गं" ऐकू येई, आणि मग काहीच नाही. त्या शांततेने आम्हा नवराबायकोला घास गोड लागत नसे.

एकदा त्याच्या दारात जाऊन म्हटलं, "पुढचंही घाल की त्यात काहीतरी."

तो म्हणाला, "पुढचं ती रोज निराळं बोलायची, भाऊ. ते कसं घालायचं?"

मी म्हटलं, जेवायला चल. तो फोनकडे बघत बसून राहिला. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा उठला.