बोटांवर भरवसा

"काचेला बोट नाही लावायचं," चाचा म्हणायचे, आणि समोरचा माणूस दहा फुटांवर उभा असला तरी म्हणायचे. गाडीच्या दिव्याचा नवा बल्ब खोक्यातून काढायच्या आधी त्यांचा एक ठरलेला प्रकार असे. हात साबणाने धुवायचे, पुसायचे आणि दोन्ही तळवे डोळ्यांसमोर धरून उलटसुलट पाहायचे. लग्नघरातल्या मुली मेंदी पाहतात तसे. मग बल्ब मागच्या पत्र्याला दोन बोटांत धरून बाहेर काढायचा आणि तो जागेवर बसेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही.

धुळ्यात साक्री रोडला त्यांची गाड्यांच्या वायरिंगची टपरी, तिला लागून माझं मेडिकल. एकोणीस वर्षं आम्ही शेजारी होतो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांची मुलगी मराठी वाचते.

हॅलोजनचा बल्ब तुम्हीही कधीतरी हातात घेतला असेल. बोटाएवढी काच, आत दाबून भरलेला वायू, आणि पेटला की निखाऱ्यासारखा तापतो. काचेला हाताचं तेल लागलं की तेवढीच जागा जास्त तापते, तिथे फोड येतो आणि बल्ब जातो. कधी फुटतोही. म्हणून चाचा त्या कामाला बसताना डोळ्यांवर प्लास्टिकचा भलामोठा चष्मा चढवायचे आणि त्यात ते अगदी बेडकासारखे दिसायचे. एका साहेबांनी घरच्या घरी बल्ब बदलला आणि आठवड्यात तो उडाला. चाचांनी उडालेला बल्ब त्यांच्या नाकासमोर धरला. काचेवर पांढुरका डाग होता.

"साहेब, तुम्हाला सही येते ना?"

"येते की!"

"मग इथे अंगठा कशाला लावलात?"

चुकून कोणाचं बोट लागलंच तर ते काच स्पिरिटने पुसायचे. स्पिरिट आणि कापूस माझ्याकडून न्यायचे. एक बाटली त्यांना चार महिने पुरायची. हे मला नीट माहीत होतं, म्हणून सांगतोय.

जळगावकडचा एक केळीवाला एकदा नवी गाडी घेऊन आला. त्याला जास्त ताकदीचे बल्ब हवे होते, समोरच्याने घाबरून बाजूला व्हावं असे. चाचा म्हणाले, "होल्डर वितळेल, वायर जळेल. ते तुमचं नुकसान, मला काय! पण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले तर? त्याला काय आई नाही?" केळीवाला चिडून दुसरीकडे गेला. चाचा दिवसभर पुटपुटत राहिले.

गाडी आली की आधी लाइट बंद, चावी बाहेर, बोनेट वर आणि मग चहा. कितीही मोठा माणूस असो, बल्ब थंड होईपर्यंत त्याने बाकड्यावर बसून चहा प्यायचा. चहा संपला की चाचा दिव्यामागचं रबर सरकवून बल्बच्या बुडाला बोटाचं टोक टेकवायचे. बोट सांगेल तेव्हा थंड. घड्याळ ते मानत नसत आणि हातमोजे तर अजिबात नाहीत. "मोज्यात बोट आंधळं होतं, भाऊ," म्हणायचे. चाळीस वर्षं त्या बोटाने त्यांना एकदाही फसवलं नव्हतं.

त्यांना शुगर होती. गोळ्या न्यायचे, आठवण झाली तर खायचे. एकदा ते समोरून रस्ता ओलांडून आले ते एका पायात चप्पल आणि दुसरा पाय उघडा. मधल्या खडीत चप्पल कधी निसटली ते त्यांना कळलंच नव्हतं. आम्ही सगळे पोट धरून हसलो, तेही हसले. इतरांचं सोडा, पण मी मेडिकलवाला. मी हसायला नको होतं.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी दाट धुकं होतं. साक्रीकडून प्रवाशांनी भरलेली एक जीप टपरीपाशी येऊन थांबली. तिच्या एका दिव्यातला जवळचा लाइट गेला होता, म्हणून ड्रायव्हर सगळा रस्ता दूरच्या लाइटवर आला होता. म्हणजे तोच बल्ब दुसऱ्या तारेवर पेटत आलेला, चांगलाच तापलेला. चाचांनी नेहमीप्रमाणे चहा सांगितला.

"चहा ऱ्हाऊ द्या चाचा, बिगीबिगी करा," ड्रायव्हर गाडीत खोळंबलेल्या माणसांकडे हात करत म्हणाला. "बठ्ठा लोके गाडीमा बसेल शेतस."

मी दुकान उघडून बाहेरच उभा होतो. चाचांनी रबर सरकवलं, बुडाला बोट टेकवलं आणि क्षणभर थांबून म्हणाले, "थंडा आहे." मग क्लिप दाबली आणि अंगठा नि दोन बोटांत धरून बल्ब बाहेर ओढू लागले. तो अडकला होता. त्यांनी आणखी घट्ट धरला, थोडा फिरवला.

वास आधी मला आला. मग त्यांनाही आला. "वायर जळते की काय?" म्हणत ते बोनेटमध्ये वाकले आणि डाव्या हाताने वायरी चाचपू लागले. उजव्या हातात बल्ब तसाच. तो वास त्यांच्याच बोटांचा होता आणि ते तो वायरीत शोधत होते.

"चाचा, तुमना हात दखा!" ड्रायव्हर ओरडला.

त्यांनी पाहिलं. बल्ब खाली टाकायचंही त्यांना सुचलं नाही, जपून बाकड्यावर ठेवला. कातडीचा तुकडा त्याच्या पत्र्याला चिकटून गेला होता. मग डाव्या हाताने त्यांनी नवा बल्ब बसवून दिला, लाइट भिंतीवर पाडून पाहिला आणि जीप गेल्यावर माझ्या काउंटरपाशी आले.

मी भाजल्यावर लावायची ट्यूब दिली. "डॉक्टरला दाखवा," असं म्हणालो. म्हणालो खरं, पण जसं आम्ही मेडिकलवाले दिवसातून पन्नासदा म्हणतो तसं.

"मुलीला सांगू नका, भाऊ," ते म्हणाले. तिचं सासर जळगावला. बायको गेल्यापासून ती त्यांच्या मागे लागली होती की आता टपरी बंद करा आणि आमच्याकडे या. तुम्हाला काही झालं तर मी स्वतः येऊन कुलूप लावीन, असं तिने बजावलंही होतं. "तिकडे जाऊन मी काय करू? नातवांना खेळवू? माझे हात काम मागतात."

मी कबूल झालो. त्यांची दया आली हे खरं, पण माझा स्वार्थही होता. त्यांच्याशिवाय माझी रोजची सकाळ कशी जाईल, हा विचार मी त्यांच्या बोटांच्या आधी केला.

पुढच्या आठवड्यात ते स्पिरिटची बाटली घेऊन गेले. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी एक.

"काम वाढलंय वाटतं," मी म्हणालो.

"वाढलंय," ते म्हणाले. बोटांना स्वच्छ पट्टी होती. मी विचारलं, जखम कशी आहे? म्हणाले, भरतेय. धुक्याचे दिवस आहेत, लाइटची कामं वाढणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली. पट्टी सोडून दाखवा म्हणायला जीभ उचलायची होती, तेवढीही मी उचलली नाही.

भाजल्याला पाच आठवडे झाले असतील. दुपारी ते काउंटरपाशी आले आणि त्यांच्याबरोबर एक वास आला, जो औषधांच्या वासातही लपला नाही. मी बाहेर येऊन त्यांची पट्टी सोडली. अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं. लाल रेघ मनगटापर्यंत गेली होती.

"चाचा, काय लावत होतात?"

"स्पिरिट. रोज दोन वेळा." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "काचेला चालतं, मग हाताला का नाही? आणि झोंबत नाही, भाऊ. जरासुद्धा झोंबत नाही. म्हणजे भरत आलीय ना?"

मी विचारलं, "पहिल्या दिवशी तरी झोंबलं होतं का?"

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. माझ्याकडे पाहत म्हणाले, "नाही." आणि तेव्हा त्यांना कळलं. त्या चेहऱ्याचं वर्णन मला करता येणार नाही, करायचंही नाही.

मी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून मोठ्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी अंगठा आणि दोन बोटं काढली. मी भेटायला गेलो तेव्हा ते पट्ट्यांचा गोळा पाहत पडले होते.

"अंगठ्याशिवाय क्लिप दाबता येईल का?"

"डाव्या हाताने बसवलात की त्या दिवशी."

"हो," ते म्हणाले. "पण डाव्यालाही काही कळत नाही, भाऊ. काल नर्सने सुई टोचून पाहिली. शुगरने दोन्ही हात बधिर झालेत म्हणे."

विष वर चढत गेलं. कोपरापासून हात काढला, तरी ताप उतरला नाही. अकराव्या दिवशी पहाटे ते गेले. मुलगी जवळ होती, मी नव्हतो.

चाळिसाव्या दिवसानंतर ती टपरी रिकामी करायला आली. वायरींची भेंडोळी, टेस्टर, खोक्यातले कोरे बल्ब तिने एका ओळखीच्या गॅरेजला देऊन टाकले. मग माझ्या काउंटरपाशी येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"काका, अब्बांनी मला सगळं सांगितलं होतं," ती म्हणाली.

मी काउंटरवरची गोळ्यांची पाकिटं सरळ करू लागलो.

"दवाखान्यात यायच्या चार दिवस आधी भाजलं म्हणाले. लपवून ठेवलं होतं, पण तुमच्या नजरेला पडल्याबरोबर तुम्ही दुकान टाकून त्यांना घेऊन गेलात. दुसरा कोणी असता तर ट्यूब देऊन मोकळा झाला असता." तिने पदराने डोळे टिपले. "मी सख्खी मुलगी, मला कळलं नाही. तुम्ही तेवढं तरी केलंत."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. ती माझ्याकडे पाहत होती. आत्ता सांगता येईल, असं मला स्पष्ट वाटलं.

"बेटा, चहा घेतेस?" मी म्हणालो.